नोंद डोळ्यांना दिसते, पण शोधात सापडत नाही, तेव्हा काय करावं

पावसजवळच्या एका बागायतदार काकांना मी आंब्याच्या पेट्यांचा हिशोब ठेवायला छोटा प्रोग्राम लिहून दिला होता. कुठल्या बागेतून किती पेट्या निघाल्या, वाशीला कुठल्या दलालाकडे गेल्या, पट्टी कितीची आली, एवढंच काम. ऐन एप्रिलात, रोज रात्री गाडी भरायची घाई असताना त्यांचा फोन आला. "अरे, पऱ्याकडच्या बागेच्या अकराच पेट्या दाखवतोय हा. माझ्या वहीत सत्तरच्या वर आहेत. बाकीच्या गेल्या कुठे?"

नोंदी सगळ्या जागच्या जागी होत्या. पूर्ण यादी उघडली की एकेक ओळ दिसत होती. बागेच्या नावाने शोधलं की मात्र अकराच. मी दोन रात्री क्वेरी बदलत बसलो, इंडेक्स काढून पुन्हा केला, टेबलसुद्धा नवं केलं. दोष यातल्या कशातच नव्हता. तो कुठे होता ते पुढे सविस्तर लिहितो, कारण मराठी मजकूर साठवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हे भोगावं लागतं, आणि त्यावर मिळणारे बहुतेक सल्ले इंग्रजी मजकूर डोळ्यांपुढे ठेवून दिलेले असतात.

तुमच्याकडे पायथन आणि एसक्यूलाइट चालू आहे, सिलेक्ट-व्हेअर लिहिता येतं, असं धरून चालतो. डेटाबेसच्या फाइलची प्रत काढून ठेवा, मगच हात लावा.

आधी साध्या चुका काढून टाका

फाइल तीच उघडली आहे ना? एसक्यूलाइटला दिलेल्या जागी फाइल सापडली नाही तर ते तक्रार करत नाही, गुपचूप नवी रिकामी फाइल तयार करतं. मग ‘नो सच टेबल’ असा संदेश येतो आणि नवशिक्याला वाटतं डेटा उडाला. फाइलचा पूर्ण पत्ता प्रिंट करून बघा.

नोंद घातल्यावर कमिट केलंत का? रिकाम्या रकान्यासाठी ‘इज नल’ लिहिलंत का? ‘बरोबर नल’ अशी तुलना कधीच खरी ठरत नाही.

प्रश्नचिन्ह वापरून नाव पाठवताना कंसात नावानंतर स्वल्पविराम दिलात का? तो विसरलात तर पायथन तुमच्या शब्दालाच यादी समजतो. ‘सावंत’ शोधायला गेलात तर १ मूल्य हवं होतं, ५ मिळाली, असा संदेश येतो. स, काना, व, अनुस्वार, त अशी ती पाच. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचाच उपयोग आहे. आणि स्वल्पविरामाचा त्रास नको म्हणून नाव थेट क्वेरीच्या वाक्यात चिकटवू नका. नावात एक अवतरणचिन्ह आलं की क्वेरी मोडते, आणि वाईट हेतूने कुणी काही टाइप केलं तर भलत्याच नोंदी दिसू शकतात किंवा पुसल्या जाऊ शकतात.

खरी अडचण: सारखे दिसणारे दोन शब्द

काकांच्या नोंदी दोन ठिकाणांहून येत होत्या. ते स्वतः फोनवर भरायचे, त्यांचा मुलगा घरच्या संगणकावर. दोघांनी लिहिलेलं ‘पऱ्याकडची’ पडद्यावर हुबेहूब सारखं दिसत होतं. मी दोन्हींची लांबी मोजली. एसक्यूलाइटमधलं लेंग्थ हे फंक्शन अक्षरचिन्हं मोजतं. एका शब्दाची लांबी आली ९, दुसऱ्याची १०.

कारण असं. मराठीतला हा अर्धा ‘र’, म्हणजे पऱ्या, दुसऱ्या, कऱ्हाडे यांतला, युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोन रीतींनी लिहिला जातो. एका रीतीत ऱ हे वेगळं अक्षर असतं, क्रमांक ०९३१, आणि त्याला हलन्त. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून ‘र’ची कळ दाबली की हे मिळतं. दुसऱ्या रीतीत साधा र, क्रमांक ०९३०, मग हलन्त, मग एक अदृश्य चिन्ह: झिरो विड्थ जॉइनर, क्रमांक २००डी. बरेच फोनेटिक कीबोर्ड हे देतात. ‘पऱ्याकडची’ आणि ‘पर्‍याकडची’ तुमच्या डोळ्यांना एकच आहेत, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. काकांच्या अकरा पेट्या एका रीतीने लिहिलेल्या होत्या, उरलेल्या दुसरीने.

म्हणून शोध लागत नसेल तर क्वेरीला हात लावायच्या आधी शब्द उघडून बघा. बागेची वेगवेगळी नावं आणि प्रत्येकाची लांबी शेजारी छापा. एकच नाव यादीत दोनदा दिसलं की दुखणं तिथेच आहे. मग ती दोन्ही नावं पायथनच्या ॲस्की या फंक्शनमधून काढा. ते प्रत्येक अक्षराचा क्रमांक छापतं, अदृश्य चिन्हंही पकडली जातात. या दोन मिनिटांच्या कामाने माझ्या दोन रात्री वाचल्या असत्या.

आता या टप्प्यावरचे तीन सल्ले, जे मी स्वतः ऐकले आणि ज्यांनी माझं काम वाढवलं.

पहिला, ‘लाइक लाव, दोन्हीकडे टक्के दे’. त्याने शेवटी राहिलेली मोकळी जागा खपून जाते, पण मधला ऱ वेगळा असेल तर लाइकलाही सापडत नाही. शिवाय ‘पावस’ शोधलं की ‘पावसकर’ही येतात आणि बेरीज वाढते. हिशोबात हे अजिबात चालत नाही.

दुसरा मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांसाठी, ‘यूटीएफएट एमबीफोर कर, सगळं ठीक होईल’. ते करावंच, पण या दुखण्यावर ते औषध नाही. यूटीएफ-८ म्हणजे युनिकोडचे क्रमांक बाइटमध्ये साठवायची रीत. देवनागरीचं प्रत्येक अक्षर तिच्यात तीन बाइटचं असतं आणि जुन्या तीन बाइटच्या यूटीएफएटमध्येही नीट बसतं. चार बाइट लागतात ते इमोजीसारख्या चिन्हांना.

तिसरा सल्ला सगळ्यात घातक: ‘अदृश्य चिन्हं सगळी उडवून टाक’. मी तेच केलं होतं. जॉइनर काढल्यावर दुसऱ्या शब्दाची लांबीही ९ झाली, मला वाटलं सुटलं. पण जॉइनर गेला की ‘पर्‍या’चा ‘पर्या’ होतो, र वर चढून रफार बनतो. लांबी जुळली, शब्द नाही जुळला, आणि मूळ नोंदीही बिघडल्या. प्रत काढलेली होती म्हणून निभावलं.

योग्य रीत अशी की शब्द स्वच्छ करणारं एकच फंक्शन लिहायचं, आणि त्यात क्रम पाळायचा. आधी युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नॉर्मलाइझ, एनएफसी प्रकाराने, म्हणजे तुकड्यांनी लिहिलेलं अक्षर जोडून एक करणाऱ्या. त्याने ‘र’ला खाली नुक्ता देऊन लिहिलेला ऱ आपोआप ०९३१ होतो. पण जॉइनरवाला र एनएफसीला बदलता येत नाही. म्हणजे नुसतं नॉर्मलाइझ करून भागत नाही. म्हणून पुढची पायरी हाताने: र, हलन्त आणि जॉइनर हे तिन्ही लागोपाठ आले की त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त घाला. त्यानंतरच उरलेले जॉइनर आणि त्याचा भाऊ नॉन-जॉइनर, क्रमांक २००सी, काढा. मग ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेला अॅ असेल तर त्याचा ॲ करा, म्हणजे ०९७२. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीपासूनची सवय अजून अनेक कीबोर्डांत आहे, आणि एनएफसी यांनाही एक मानत नाही. शेवटी शब्द स्प्लिट करून एका मोकळ्या जागेने पुन्हा जोडा. पुढच्या-मागच्या आणि दुहेरी जागा त्यात निघून जातात.

हे फंक्शन नोंद साठवताना चालवा आणि शोधतानाही तेच चालवा. एकाच बाजूला चालवलंत तर आणखी कमी सापडेल. मूळ मजकूर जसा आला तसा एका रकान्यात राहू द्या, स्वच्छ केलेला शब्द शेजारच्या वेगळ्या रकान्यात ठेवा, शोध आणि इंडेक्स त्या रकान्यावर. लोकांनी आपलं आडनाव जसं लिहिलं तसं त्यांना पावतीवर दिसायला हवं, ते बदलायचा अधिकार आपल्याला नाही.

या फंक्शनलाही न सुटणारी एक गोष्ट आहे. हर्णै की हर्णे, वेंगुर्ला की वेंगुर्ले, देवगड की देवगढ. इथे माणसंच दोन तऱ्हेने लिहितात. यावर उपाय म्हणजे गावाचं आणि बागेचं नाव टाइप करायला देऊच नका. नावांचं वेगळं टेबल करा, प्रत्येकाला क्रमांक द्या, भरणाऱ्याने यादीतून निवडायचं. ‘पऱ्याकडची’, ‘सड्यावरची’, ‘देवळामागची’ अशा काकांच्या सात बागा होत्या. पहिल्या दिवशीच ही यादी केली असती तर फोन आलाच नसता.

आकडे

कुणी पेट्यांचा आकडा ‘१२’ असा देवनागरीत भरला तर पायथनचं इंट तो बरोबर वाचतं, आणि त्यामुळेच फसायला होतं. एसक्यूलाइट मात्र देवनागरी अंक ओळखत नाही. पूर्णांकाच्या रकान्यातही ते मजकूर म्हणून ठेवून घेतं आणि बेरजेत शून्य धरतं. कुठेही लाल संदेश येत नाही, फक्त बेरीज कमी येते. साठवण्याआधी प्रत्येक आकडा इंटमधून काढा. एसक्यूलाइट ३.३७ किंवा त्यानंतरचं असेल तर टेबल स्ट्रिक्ट करा, म्हणजे असा मजकूर दारातच अडवला जातो.

तारीख २०२४-०४-०५ अशीच ठेवा, वर्ष आधी.

फाइल वाचताना आणि लिहिताना

इंग्रजी विंडोजवर पायथन ३.१४ पर्यंत ओपनला एन्कोडिंग सांगितलं नाही तर फाइल यूटीएफ-८ ऐवजी १२५२ या जुन्या कोडपेजने, म्हणजे बाइट आणि अक्षरांच्या जुन्या तक्त्याने, उघडते. त्या कोडपेजमध्ये काही बाइटना अर्थच नाही, आणि आपल्या हलन्ताचा शेवटचा बाइट, ८डी, नेमका त्यातला. झ, ए आणि चंद्रबिंदूचंही तसंच. म्हणून फाइलमध्ये नुसतं ‘सावंत’ असेल तर कचरा अक्षरं येतात, ‘म्हात्रे’ असेल तर प्रोग्रामच थांबतो. चाचणीला दोन सोपी नावं घेतली, चाललं, आणि खरी यादी आल्यावर कोसळलं, असं होतं ते यामुळे. कचरा कसा दिसतो तेही ओळखून ठेवा: रोमन ए, त्यावर तिरकी रेघ, लगेच चार टोकं फुटलेलं बारीक वर्तुळ किंवा जपानी येनचं चिन्ह, आणि हीच जोडी पुन्हा पुन्हा. हे दिसलं तर डेटा शाबूत आहे, फक्त वाचण्याची रीत चुकली. याउलट सगळीकडे प्रश्नचिन्हं दिसली तर मजकूर गेला, तो परत येत नाही. एक्सेलमधून साध्या सीएसव्ही प्रकारात जतन केलं की हेच होतं. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडा.

एक्सेलच्या त्या फाइलच्या अगदी सुरुवातीला एक अदृश्य खूण असते, क्रमांक एफईएफएफ. ती पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटते आणि ‘नाव’ हा रकाना समोर दिसत असून की-एरर येतो. स्ट्रिपने ती जात नाही. वाचताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्या. एक्सेलसाठी फाइल लिहितानाही तेच द्या, आणि न्यूलाइनला रिकामी स्ट्रिंग द्या, नाहीतर विंडोजवर एकाआड एक कोरी ओळ येते.

फाइल उघडताना ‘एरर्स इग्नोअर’, म्हणजे न वाचता येणारे बाइट सोडून दे, असं कधीही लिहू नका. संदेश बंद होतो आणि प्रत्येक जोडाक्षरातला हलन्त मुकाट गळतो. तीच यादी परत जतन झाली की दुरुस्तीला काही उरत नाही.

लिहिण्याचा धोका वेगळा आहे. ‘डब्ल्यू’ मोडमध्ये फाइल उघडताक्षणी ती रिकामी होते, एकही अक्षर लिहायच्या आधी. एका गिऱ्हाइकाच्या पत्त्यांची यादी माझ्याकडून अशीच गेली: फाइल उघडली, पहिल्याच मराठी नावावर एन्कोडिंगचा एरर आला, प्रोग्राम थांबला आणि मागे शून्य बाइटची फाइल राहिली. ते पत्ते त्या माणसाने हंगामभर फोन करून गोळा केले होते. तेव्हापासून मी नेहमी वेगळ्या नावाच्या फाइलमध्ये लिहितो, ती बंद झाल्यावर परत उघडून ओळी मोजतो, आणि मगच ओएस-रिप्लेसने जुन्या फाइलच्या जागी ठेवतो.

वीज गेल्यावर

जूनपासून आपल्याकडे वीज कधीही जाते. नोंद चालू असताना गेली तर डेटाबेसच्या शेजारी, त्याच नावापुढे ‘जर्नल’ किंवा ‘वॉल’ लावलेली फाइल राहते. ती कचरा समजून पुसू नका, आणि डेटाबेस दुसरीकडे नेताना तिला मागेही सोडू नका. जर्नलच्या आधारे एसक्यूलाइट अर्धवट राहिलेला व्यवहार मागे घेतं, वॉलमध्ये तर पूर्ण झालेल्या नोंदीही असू शकतात. प्रोग्राम नेहमीसारखा पुन्हा उघडा, बाकीचं एसक्यूलाइट स्वतः करतं. आणि पेनड्राइव्हवर प्रत न्यायची असेल तर चालू प्रोग्रामखालची फाइल कॉपी करू नका. कनेक्शनचं बॅकअप फंक्शन वापरा, आलेली प्रत लगेच उघडा आणि त्यात पऱ्याकडच्या पेट्या शोधून बघा.