मोठ्या विद्यापीठात पीएचडी करताना: प्रवेशापासून मौखिक परीक्षेपर्यंत

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठासारख्या मोठ्या सार्वजनिक विद्यापीठात पीएचडीला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याचा कारभार एका ठिकाणी नसतो. १९४९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा पसारा पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांत आहे. त्यामुळे मार्गदर्शक नाशिकच्या एखाद्या महाविद्यालयातील संशोधन केंद्रात, नोंदणीची फाइल गणेशखिंडच्या मुख्य आवारात आणि फेलोशिपचा हिशेब तिसऱ्याच संस्थेत, अशी परिस्थिती असू शकते. प्रत्येक टेबलावर आपापल्यापुरती माहिती असते, परंतु एखाद्या विद्यार्थ्याचे काम नेमके कुठवर आले आहे याचा पूर्ण हिशेब कोणाच्याच हाती नसतो. तो विद्यार्थ्यानेच ठेवावा लागतो. ज्यांच्या घरात वा नात्यात यापूर्वी कोणी पीएचडी केलेली नाही आणि जे तालुक्याच्या गावी पदव्युत्तर शिक्षण संपवून थेट इथे येतात, त्यांना हे आपणहून कोणी सांगत नाही. सांगणारा सीनियर भेटलाच, तर बरेचदा निम्मी मुदत सरल्यावर भेटतो. हा मजकूर त्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे.

मुदत प्रवेशाच्या तारखेपासून मोजावी

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीसाठी कोर्सवर्क (सुरुवातीचा नेमून दिलेला अभ्यासक्रम) धरून किमान ३ वर्षे आणि प्रवेशाच्या तारखेपासून जास्तीत जास्त ६ वर्षे मिळतात. पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षे मिळू शकतात. महिला संशोधक आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेले संशोधक यांना त्यावर आणखी २ वर्षांची सवलत आहे, म्हणजे त्यांच्या बाबतीत एकूण मर्यादा १० वर्षांची होते. महिलांना संपूर्ण कालावधीत प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही घेता येते.

यात ‘प्रवेशाच्या तारखेपासून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. विषय मंजूर झाला त्या दिवसापासून किंवा कोर्सवर्क संपले त्या दिवसापासून मुदत सुरू होते, असा समज आवारात पुष्कळांचा असतो, आणि त्या समजापायी दीड-दोन वर्षे सहज हातची जातात. म्हणून प्रवेशपत्र हाती पडताच एका कागदावर प्रवेशाची तारीख, ६ वर्षे पूर्ण होण्याची तारीख, कोर्सवर्कच्या परीक्षेचा अपेक्षित महिना आणि प्रत्येक सहामाहीतील प्रगती अहवालाची वेळ लिहून तो कागद रोज नजरेस पडेल अशा जागी लावावा. कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे (क्रेडिटचे) असते, त्यात संशोधन आणि प्रकाशनातील नीतिमत्ता हा विषय अनिवार्य आहे, आणि किमान ५५ टक्के गुण मिळवावे लागतात. हा टप्पा अवघड नाही. मात्र त्याच काळात विषयाचे वाचन थांबवू नये.

मार्गदर्शकाची निवड आणि मार्गदर्शकाबरोबरचे काम

मार्गदर्शक निवडताना विद्यार्थी नावलौकिक पाहतात. त्याऐवजी आधी दोन साध्या गोष्टींची चौकशी करावी. पहिली म्हणजे जागा: नियमानुसार प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ संशोधक असू शकतात. दुसरी म्हणजे निवृत्तीची तारीख. ज्यांच्या सेवेची ३ वर्षांहून कमी मुदत उरली आहे, त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. ज्यांची चार वर्षे उरली आहेत त्यांना घेता येतो, पण तुमचा प्रबंध पूर्ण होण्याआधीच ते निवृत्त होण्याची शक्यता असते आणि त्यानंतर वयाच्या सत्तरीपर्यंत ते केवळ सहमार्गदर्शक राहू शकतात. म्हणजे ऐन प्रबंधलेखनाच्या वेळी दुसरा मुख्य मार्गदर्शक शोधण्याची वेळ येते. हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, तरी तो विचारावाच. थेट विचारणे जमत नसेल, तर विभागाच्या कार्यालयातून माहिती मिळते.

यानंतर शोधगंगा या संकेतस्थळावर त्या मार्गदर्शकांच्या हाताखाली पूर्ण झालेले दोन प्रबंध उघडून वाचावेत. प्रस्तावना आणि संदर्भसूची एवढे वाचले, तरी तिथे कामाकडे किती लक्ष दिले जाते हे कळते. सध्याच्या विद्यार्थ्यांना भेटल्यावर ‘सर कसे आहेत’ असे विचारू नये, कारण त्याला मोकळे उत्तर मिळत नाही. ‘प्रकरणाचा मसुदा दिल्यावर तो किती दिवसांनी परत येतो, आणि त्यावर काय लिहिलेले असते’ असे विचारावे.

कामाला सुरुवात झाल्यावर प्रत्येक भेटीनंतर त्याच संध्याकाळी एक छोटा ईमेल पाठवण्याची सवय लावून घ्यावी. त्यात चार ओळी पुरतात: ‘आदरणीय सर, आज ठरल्याप्रमाणे दुसऱ्या प्रकरणातील १९२० नंतरचा भाग वेगळा करून महिनाअखेरीस पाठवतो. मुलाखतींची संख्या वाढवण्याबाबत आपण विचार करून कळवणार आहात. पुढची भेट ५ तारखेनंतर चालेल का?’ अशा ईमेलने मार्गदर्शकांनाही आठवण राहते, आणि आठ महिन्यांनी ‘हे मी सांगितलेच नव्हते’ असा प्रसंग उद्भवत नाही. मसुदा देताना ‘सर, वेळ मिळेल तेव्हा बघा’ असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. ती आदरापोटी असली, तरी तिच्यामुळे मसुदा ढिगाच्या तळाशी जातो. आदर राखून तारीख सांगता येते: ‘मॅडम, सल्लागार समितीची बैठक २० तारखेला आहे, त्यापूर्वी आपल्या सूचना मिळाल्या तर दुरुस्ती करून ठेवतो.’

एक नाजूक विषय इथे स्पष्टपणे मांडणे मला आवश्यक वाटते. संशोधकाला आठवड्याला ४ ते ६ तास अध्यापन किंवा संशोधन साहाय्याचे काम दिले जाऊ शकते, आणि ते केल्याने शिकवण्याचा हात बसतो. परंतु चर्चासत्राच्या पाहुण्यांची ने-आण, पेपर तपासणीचे गठ्ठे आणि घरगुती कामे यांतच आठवडा जात असेल, तर ते संशोधन नव्हे. थेट नकार देणे प्रत्येकाला जमत नाही, विशेषतः फेलोशिपच्या कागदांवर ज्यांची सही लागते त्यांना. अशा वेळी आपल्या कामाची तारीख पुढे करणे उपयोगी पडते: ‘या आठवड्यात प्रगती अहवाल पूर्ण करायचा आहे, पुढच्या मंगळवारी येऊ का?’ तरीही परिस्थिती सुधारत नसेल, तर विभागप्रमुख, संशोधन सल्लागार समिती आणि विद्यार्थी तक्रार निवारण समिती हे मार्ग त्या क्रमाने खुले आहेत. लैंगिक छळाच्या बाबतीत मात्र हा क्रम पाळत बसू नये. २०१३ च्या कायद्यानुसार प्रत्येक संस्थेत असणाऱ्या अंतर्गत समितीकडे थेट लेखी तक्रार करता येते.

सल्लागार समिती

प्रत्येक सहामाहीत संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण करून थोडक्यात अहवाल द्यावा लागतो. याकडे केवळ सह्यांचा उपचार म्हणून पाहिले जाते, ते योग्य नाही. मार्गदर्शकाखेरीज तुमचे काम वाचण्यास बांधील असलेली विद्यापीठातील ही एकमेव मंडळी असतात. त्यांच्यापुढे झालेले वाचन आकड्यांत सांगण्यापेक्षा न सुटलेला एक प्रश्न ठेवावा. समितीच्या शिफारशींची प्रत विद्यार्थ्याला मिळावी असे नियमातच आहे. ती मागून घ्यावी. प्रगती असमाधानकारक असल्याचा शेरा आला, तर समितीने कारणे आणि उपाय नोंदवणे अपेक्षित असते, आणि त्या उपायांवर काम न केल्यास नोंदणी रद्द करण्याची शिफारसही होऊ शकते.

कागद

विद्यापीठात दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती काढाव्यात. एक प्रत आवक-जावक टेबलावर द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का व आवक क्रमांक घेऊन ती आपल्या फाइलला लावावी. विषयबदल, मार्गदर्शकबदल, मुदतवाढ, रजा, नावातील दुरुस्ती, काहीही असो. तीन महिन्यांनी चौकशीला गेल्यावर ‘अर्ज आलेलाच नाही’ असे उत्तर मिळाले, तर त्या शिक्क्याच्या कागदाने पाच मिनिटांत फाइल सापडते. तो नसेल, तर सगळे पहिल्यापासून करावे लागते. नाशिक किंवा संगमनेरहून येणाऱ्यांनी एका खेपेत शक्य तेवढी कामे उरकावीत आणि निघण्यापूर्वी संबंधित अधिकारी रजेवर नाहीत ना, याची फोनवर खात्री करून घ्यावी.

पैसा

नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळालेल्यांना १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये, आणि दोन वर्षांनी वरिष्ठ श्रेणी मिळाल्यावर ४२,००० रुपये व नियमानुसार घरभाडे भत्ता मिळतो. ज्यांच्याकडे ती नाही, त्यांच्यासाठी राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती आहेत. कोणत्या प्रवर्गाला कोणती लागू होते आणि नोंदणीची कोणती तारीख ग्राह्य धरली जाते, हे जाहिरातीत बारकाईने पाहावे. जाहिरात, कागदपत्रांची पडताळणी, यादी आणि पहिला हप्ता यांत बराच काळ जातो, आणि या विलंबासाठी विद्यार्थ्यांना आंदोलनेही करावी लागली आहेत. त्यामुळे फेलोशिप मंजूर झाली तरी किमान सहा महिन्यांचा मेस आणि खोलीभाड्याचा खर्च हाताशी ठेवावा, आणि घरी पैसे पाठवण्याचे वचन पहिला हप्ता जमा होईपर्यंत देऊ नये. हे लिहिताना वाईट वाटते, कारण जो विद्यार्थी घरचा आधार व्हायला निघालेला असतो, त्यालाच हे सर्वांत जड जाते.

वाचन, टिपणे आणि मराठीतील लेखन

विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या नावाचे जयकर ग्रंथालय हा संशोधकाचा मुख्य आधार आहे. परंतु पुण्यात राहून केवळ आवारातच वाचणे म्हणजे विहिरीपाशी बसून तांब्याभर पाण्यावर भागवणे होय. १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ, १९१७ चे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था आणि पेशवे दफ्तर म्हणून ओळखले जाणारे पुणे पुराभिलेखागार हे सर्व एकाच शहरात आहे. विभागाचे ओळखपत्र आणि मार्गदर्शकांचे पत्र घेऊन गेल्यास प्रवेशाची रीत सहसा सोपी असते.

पेशवे दफ्तरात कागद कापडी रुमालांत बांधलेले असतात. तिथे काम करणाऱ्याने टिपणाच्या प्रत्येक पानावर, अगदी मागच्या बाजूलाही, रुमाल क्रमांक, कागदाचा क्रमांक आणि तारीख आधी लिहून मगच मजकूर उतरवावा. एकदा रुमाल परत बांधून गेला की क्रमांक नसलेल्या टिपणाला प्रबंधात काहीच किंमत उरत नाही. हाच नियम क्षेत्रकार्यातील मुलाखतींना, प्रयोगशाळेच्या वहीला आणि मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रांनाही लावावा.

सामाजिक शास्त्रांत मराठीतून अनेक प्रबंध सादर झालेले आहेत. ज्या विषयात मराठीची मुभा आहे आणि ज्याची साधने मराठीत आहेत, त्या विद्यार्थ्याने केवळ भिडेखातर इंग्रजीकडे वळू नये, असे माझे ठाम मत आहे. तुटक इंग्रजीत मांडलेला चांगला मुद्दा परीक्षकापर्यंत पोहोचतच नाही. मात्र टंकलेखन पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये करावे. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर शोधता येत नाही, दुसऱ्या संगणकावर विस्कटतो, आणि वाङ्मयचौर्य तपासणारी प्रणाली तो नीट वाचू शकत नाही.

त्या तपासणीचे २०१८ चे नियम असे आहेत: साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर कारवाई नाही, १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांना सुधारित प्रबंध सादर करण्यास एक वर्ष बंदी, आणि त्यापुढे नोंदणी रद्द. संदर्भ देऊन अवतरणात घेतलेला मजकूर व संदर्भसूची साम्याच्या मोजणीतून वगळली जातात. त्यामुळे शब्द फिरवून साम्य कमी करण्याच्या खटपटीत पडण्याऐवजी, टिपण काढतानाच दुसऱ्याचे वाक्य अवतरणात आणि आपले मत त्याखाली वेगळ्या रंगात लिहिण्याची शिस्त लावावी.

शोधनिबंध छापल्याशिवाय प्रबंध देता येत नाही, ही देशपातळीवरील सक्ती २०२२ च्या नियमांनी काढली, तरी आपल्या विद्यापीठाचे चालू परिपत्रक पाहून घ्यावे. नियतकालिकांच्या दर्जाची यूजीसी-केअर यादी, जिचा कक्ष पुणे विद्यापीठातच होता, आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. आता दर्जा ओळखण्याची जबाबदारी संशोधकावर आणि विभागावर आली आहे. पैसे भरून आठवड्याभरात छापून देणाऱ्या नियतकालिकाला लेख देऊ नये. तो लेख पुढच्या प्रत्येक मुलाखतीत आपल्या नावामागे राहतो.

शेवटचा टप्पा

प्रबंध सादर करण्यापूर्वी सल्लागार समितीपुढे खुले सादरीकरण होते. त्याला इतर विभागांतील मित्रांना आवर्जून बोलवावे, कारण विषयाबाहेरच्या माणसाचे प्रश्न मौखिक परीक्षेत हमखास उपयोगी पडतात. त्यानंतर प्रबंध किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो. एकाचा अहवाल प्रतिकूल आला, तर तो आणखी एका परीक्षकाकडे पाठवला जातो, त्यामुळे पहिल्या वाईट बातमीने खचून जाऊ नये. प्रबंध सादर केल्यापासून मौखिक परीक्षेपर्यंतची प्रक्रिया सहा महिन्यांत पूर्ण व्हावी असे नियम सांगतात. चौथ्या महिन्यातही अहवाल आले नसतील, तर मार्गदर्शकांच्या सहीने स्मरणपत्र द्यावे आणि त्याचीही पोच घ्यावी.

मौखिक परीक्षा झाल्यावर प्रबंधाची ई-प्रत शोधगंगेसाठी जमा करावी लागते. त्याच वेळी, ही पदवी आयोगाच्या कोणत्या वर्षीच्या नियमांनुसार दिली आहे हे नमूद करणारे तात्पुरते प्रमाणपत्र अर्ज करून मागून घ्यावे. सहायक प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत ते मागितले जाते, आणि पदवीदान समारंभ होईपर्यंत दाखवायला तेवढाच कागद हाती असतो.