व्हीपीएनसाठी रेडियस सर्व्हर निवडताय? या चुका टाळा

बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये सुरक्षितपणे यायचा रस्ता म्हणजे व्हीपीएन, आणि येणाऱ्याची ओळख तपासून त्याला आत घ्यायचं की नाही हे सांगतो तो रेडियस सर्व्हर. ‘त्यासाठी फ्रीरेडियस हे मोफत सॉफ्टवेअर घेऊ की विंडोज सर्व्हरसोबत येणारं एनपीएस वापरू?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्यावर मी आधी एवढंच विचारतो, की तुमच्या लोकांचे पासवर्ड आत्ता कुठे आहेत आणि कोणत्या रूपात साठवलेत? बहुतेक वेळा याचं उत्तर तयार नसतं. निवड चुकते ती इथेच. सॉफ्टवेअरची तुलना त्यानंतरची गोष्ट.

पासवर्ड कसे साठवलेत हे न बघता निवड करणं

व्हीपीएन गेटवे (बाहेरच्या जोडण्या घेणारं उपकरण) स्वतः कुणाला ओळखत नाही. तो रेडियस सर्व्हरला विचारतो, आणि कसं विचारतो यावर बरंच काही ठरतं. विचारण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. पॅप पद्धतीत सर्व्हरला पासवर्ड मूळ रूपात मिळतो, त्यामुळे साठवलेला हॅश (पासवर्डचं उलट न फिरवता येणारं रूप) कुठल्याही प्रकारचा असला तरी तो ताडून बघता येतो. चॅपसाठी सर्व्हरकडे उघडा पासवर्डच लागतो. एमएस-चॅप व्ही२ साठी उघडा पासवर्ड किंवा त्याचा एनटी हॅश (विंडोज वापरतं तो हॅश), यांपैकी एक हवाच.

एका ठिकाणी पासवर्ड बीक्रिप्ट या पद्धतीने हॅश करून डेटाबेसमध्ये ठेवले होते. ठेवायला हवेत तसेच. आम्ही सर्व्हर उभा केला, कमांड लाइनवरून चाचणी घेतली, प्रत्येक वेळी ‘ॲक्सेप्ट’ (होकार) आलं. दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवरून एकालाही आत येता येईना. दोन दिवस आम्ही सॉफ्टवेअरलाच दोष देत होतो, दुसरं बसवायची तयारीही झाली होती. खरं कारण वेगळंच होतं. चाचणीचं साधन पॅप वापरत होतं आणि लॅपटॉप एमएस-चॅप व्ही२. बीक्रिप्टवरून एनटी हॅश काढताच येत नाही, त्यामुळे कुठलंही सॉफ्टवेअर आणलं असतं तरी हेच झालं असतं. तेव्हापासून मी चाचणी नेहमी खऱ्या क्लायंटवरूनच घेतो.

म्हणून निवड अशी करा. सगळे वापरकर्ते ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (मायक्रोसॉफ्टच्या वापरकर्त्यांच्या यादीत) असतील तर एनपीएस तिच्याशी थेट बोलतं. फ्रीरेडियसही चालतं, पण एमएस-चॅपसाठी मध्ये सांबाचं विनबाइंड (लिनक्सला ॲक्टिव्ह डिरेक्टरीशी जोडणारं साधन) बसवावं लागतं आणि ते सांभाळणारा माणूस हवा. एलडॅप डिरेक्टरीत (वापरकर्त्यांच्या दुसऱ्या प्रकारच्या यादीत) सॉल्ट म्हणजे यादृच्छिक अक्षरं मिसळून केलेले हॅश असतील तर टीटीएलएसच्या कूटबद्ध बोगद्यातून पॅप हा रस्ता उरतो, आणि तो तुमच्या गेटवेला जमतो का ते आधी बघा. नव्याने सुरुवात करत असाल तर मी ईएपी-टीएलएस (पासवर्डऐवजी डिजिटल प्रमाणपत्राने ओळख पटवणारी पद्धत) सुचवेन. त्यात पासवर्डचा प्रश्नच मिटतो, पण प्रमाणपत्रं देणं, वेळेत बदलणं आणि रद्द करणं हे काम कायमचं तुमच्याकडे येतं. फ्रीरेडियससोबत येणारी प्रमाणपत्रं फक्त चाचणीपुरती असतात, ती प्रत्यक्ष वापरात ठेवू नका. बोगद्याविना चालणाऱ्या एमएस-चॅप व्ही२ च्या नादी तर लागूच नका. डीईएस या जुन्या कूटपद्धतीची एकच किल्ली फोडण्याइतक्या कष्टात ते फुटतं, हे २०१२ मध्येच दाखवून झालंय.

‘नाकारलं’ आणि ‘उत्तरच नाही’ यांत गल्लत

वापरकर्ता दोन्हीला ‘लॉगिन होत नाही’ असंच म्हणतो. तुम्हाला मात्र फरक कळलाच पाहिजे. गेटवेचा आयपी पत्ता सर्व्हरच्या क्लायंट यादीत नसेल तर सर्व्हर नकारही देत नाही, विनंती सरळ टाकून देतो. गेटवेच्या लॉगमध्ये ‘टाइमआउट’ दिसतं आणि लोक फायरवॉल उसकटत बसतात. कित्येकदा गेटवे वेगळ्याच इंटरफेसवरून किंवा नॅटमागून (पत्ता बदलणाऱ्या राउटरमागून) बोलत असतो, एवढंच. पोर्टही बघून घ्या: आजचे १८१२ आणि १८१३, पण जुन्या उपकरणांत अजून १६४५ आणि १६४६ सापडतात.

नकार येत असेल आणि वापरकर्ता ‘पासवर्ड बरोबरच आहे’ असं ठामपणे म्हणत असेल, तर त्याचं ऐका. फ्रीरेडियस ‘-X’ (मोठ्या लिपीतला एक्स) देऊन डीबग मोडमध्ये चालवा आणि पॅपची एक विनंती येऊ द्या. पासवर्डच्या जागी अक्षरांऐवजी उलट्या तिरक्या रेघा आणि आकड्यांची गिचमीड दिसली, तर दोन्हीकडचं शेअर्ड सिक्रेट (गेटवे आणि सर्व्हर यांच्यातलं सामायिक गुपित) जुळत नाहीये. बहुधा कॉपी करताना शेवटी एखादी मोकळी जागा चिकटलेली असते. अशा वेळी त्या बिचाऱ्याचा पासवर्ड दहादा रीसेट करून काही उपयोग नाही.

जुनी आवृत्ती ‘चालतेय ना’ म्हणून ठेवणं

जुलै २०२४ मध्ये ब्लास्टरेडियस नावाची त्रुटी जाहीर झाली. रेडियस उत्तराची खातरजमा एमडी५ या जुन्या, कमकुवत हॅशवर करतं. मध्ये बसलेला हल्लेखोर सिक्रेट माहीत नसतानाही नकाराचं पाकीट होकारात बदलू शकतो. ईएपीला (ईएपी-टीएलएस, टीटीएलएस अशा पद्धतींना) हा धोका नाही, कारण तिथे ‘मेसेज-ऑथेंटिकेटर’ (पाकीट बदललेलं नाही हे पटवणारी खूण) सक्तीचा असतो. पॅप, चॅप किंवा एमएस-चॅप वापरत असाल तर हीच सक्ती सर्व्हर आणि गेटवे दोन्हीकडे चालू करा. ज्या सॉफ्टवेअरला या त्रुटीनंतर अपडेट आलेलं नाही, ते माझ्या मते यादीतूनच काढून टाकावं. वाहतूक इंटरनेटवरून जाणार असेल तर ती टीएलएस किंवा आयपीसेकच्या कूटबद्ध जोडणीतूनच न्या.

दुसऱ्या घटकाला वेळ न देणं

पासवर्डसोबत फोनवरची मंजुरी किंवा कोड मागणं, हा दुसरा घटक. सर्व्हरच्या उत्तरासाठी गेटवे साधारण पाच सेकंद थांबतो. माणसाला खिशातून फोन काढून ‘मंजूर’ दाबायला वीस सेकंद सहज लागतात. तोवर गेटवे दुसऱ्या सर्व्हरकडे वळलेला असतो, फोनवर दुसरी सूचना येते, आणि पहिलीला दिलेला होकार वाया जातो. गेटवे आणि व्हीपीएन क्लायंट, दोन्हीकडची मुदत साठ सेकंदांपर्यंत वाढवा. फोनवरचा सहा आकडी कोड वापरत असाल तर सर्व्हरचं घड्याळ एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेने) जुळवा, कारण तो कोड सहसा तीस सेकंदांतच बदलतो.

टॅकॅक्स-प्लस या रेडियससारख्याच दुसऱ्या प्रोटोकॉलबद्दलही विचारणा होते. राउटर-स्विचवर कोणत्या ॲडमिनने कोणती कमांड द्यावी हे ठरवायला ते उत्तम आहे, व्हीपीएनच्या वापरकर्त्यांसाठी रेडियसच घ्या.

आणि अकाउंटिंग (कोण कधी आत आला आणि गेला याची नोंद) चालू करणार असाल तर अधूनमधून येणारे अपडेटही चालू ठेवा. जोडणी संपल्याचं ‘स्टॉप’चं पाकीट वाटेत हरवलं, की सर्व्हरच्या लेखी तो माणूस अजून आतच असतो, आणि एका वेळी एकच जोडणी अशी मर्यादा असेल तर पुढच्या वेळी त्यालाच दारात अडवलं जातं. अपडेट येणं थांबलेल्या नोंदी ठरावीक वेळाने बंद करणारी एक छोटी स्क्रिप्ट पहिल्या दिवसापासूनच लावून ठेवा.