व्यायाम करताना पुरेसे खाऊन वजन कसे कमी करावे : एकत्र स्वयंपाकघरातला कॅलरींचा हिशेब

‘बायकांनी दिवसाला १२०० कॅलरी खाव्यात’ हा सल्ला उंची, वय, वजन, दिवसभराचे काम यांपैकी काहीही न विचारता दिला जातो, आणि रोज पहाटे इंदूरच्या मेघदूत उपवनात पाऊण तास भरभर चालून येणाऱ्या बाईलाही तोच लागू केला जातो. मी तो सात आठवडे पाळला, निदान पाळते आहे असे समजत होते. सातव्या आठवड्याच्या शेवटी वजनाचा काटा जागचा हललेला नव्हता, दोन जिने चढले की पाय भरून येत, दुपारी चारच्या सुमारास घरातल्या प्रत्येकावर मी खेकसत असे, आणि एका शनिवारी रात्री साडेअकरा वाजता सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात उभी राहून मी जिरावण मसाला भुरभुरलेल्या तळलेल्या गराडू कंदाच्या दोन प्लेटी एकामागून एक संपवल्या. पुढे नीट मोजायला लागल्यावर कळले, की त्या सात आठवड्यांत काही दिवशी मी खरोखरच अकराशे-बाराशेवर राहत होते आणि काही दिवशी अठराशेच्या पुढे जात होते. वहीत मात्र सगळे दिवस सारखे दिसत होते.

पुढची रीत निरोगी प्रौढ व्यक्तींसाठी आहे. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, गर्भारपण असेल, मूल अंगावर पीत असेल किंवा खाण्याच्या विकाराचा पूर्वेतिहास असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलावे.

१. आपला आकडा काढणे

१९९० साली प्रसिद्ध झालेले मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र घरगुती वापरासाठी पुरेसे आहे. किलोग्रॅममधल्या वजनाला १० ने गुणावे, त्यात सेंटिमीटरमधल्या उंचीची ६.२५ पट मिळवावी आणि वयाची ५ पट वजा करावी. मग बायकांनी आणखी १६१ वजा करावेत व पुरुषांनी ५ मिळवावेत. मी सुरुवात केली तेव्हा माझे वजन ७२ किलो, उंची १५८ सेंटिमीटर आणि वय ४१ होते. हिशेब १३४० च्या आसपास आला. दिवसभर अंथरुणावर पडून राहिले तरी शरीराला लागणारी ही ऊर्जा आहे. बाराशेचा आकडा याच्याही खाली होता आणि त्यावर मी रोज चालत होते, यातच काय ते आले.

बैठे काम आणि आठवड्यातून चार-पाच दिवस बेताचा व्यायाम असेल, तर या आकड्याला १.३७५ ने गुणावे. माझे उत्तर १८४५ आले. यातून ३०० ते ४०० वजा करावेत, त्याहून जास्त नाही. मी ३५० वजा केले आणि आकडा दीड हजारावर ठेवला. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात, म्हणजे या वेगाने एक किलो उतरायला बावीस दिवस लागतात. हे ऐकून लोकांचे चेहरे पडतात. ज्यांना लग्नाआधी तीन आठवड्यांत आठ किलो उतरवायचे आहेत, त्यांनी शिंप्याकडे जावे.

२. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा, भांडे ठेवून शून्य करता येणारा स्वयंपाकघरातला काटा आणावा.

३. पातेल्याचा हिशेब

खरी मेख इथे आहे. मोबाइलवरच्या ॲपमध्ये ‘तूरडाळ, १ वाटी’ अशी तयार नोंद असते आणि बहुतेक लोक ती निवडून मोकळे होतात. ती कोणाची वाटी, डाळ किती दाट आणि फोडणी कोणाच्या हातची, याचा त्या नोंदीला पत्ता नसतो. आमच्याच घरात तीन मापांच्या वाट्या आहेत, आणि सगळ्यांत मोठीत सगळ्यांत लहानीच्या जवळजवळ दुप्पट आमटी मावते. तयार पदार्थांच्या या नोंदी वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कच्च्या जिनसांच्या नोंदी मात्र बिनदिक्कत वापराव्यात, कारण शंभर ग्रॅम तूरडाळ सगळीकडे जवळजवळ सारखीच असते.

सगळ्यांत मोठी चूक तेलाची होते. एक ग्रॅम पिष्टात किंवा प्रथिनात ४ कॅलरी असतात, तर एक ग्रॅम तेला-तुपात ९. आमच्या सासूबाई गप्पा मारता मारता बुधलीतून बारीक धार कढईत सोडतात, आणि ‘किती घातलेत?’ असे विचारले तर ‘अंदाजाने’ असे उत्तर मिळते. मी कित्येक दिवस वहीत एक चमचा, म्हणजे ४५ कॅलरी, असे लिहीत होते. एके दिवशी भरल्या वांग्यांच्या आधी मी बुधली काट्यावर ठेवली आणि भाजी झाल्यावर पुन्हा ठेवली. ६८ ग्रॅम कमी झाले होते. म्हणजे ६१२ कॅलरी नुसत्या तेलाच्या. चार माणसांत वाटल्या तरी माझ्या वाट्याला १५३ आल्या आणि मी लिहिल्या होत्या ४५. एका भाजीत शंभराहून अधिक कॅलरी हिशेबाबाहेर राहिल्या होत्या. दोन्ही वेळच्या जेवणात असे झाले, तर साडेतीनशेच्या तुटीतला मोठा भाग कोणालाही न कळता नाहीसा होतो. मग वजन अडते, आपण समजतो की दीड हजारही जास्तच आहेत, आणि आकडा आणखी खाली आणतो. ज्या दिवशी भाजी कमी तेलाची असते, त्या दिवशी आपण खरोखर उपाशी राहतो. माझे नेमके हेच झाले होते.

म्हणून बुधलीचे वजन स्वयंपाकाआधी आणि स्वयंपाकानंतर करावे. तळणीलाही हीच युक्ती चालते, फक्त तिथे तेलासकट कढई तोलावी. स्वयंपाक करणाऱ्या माणसाच्या हातात मापाचा चमचा देऊ नये. तो प्रयोग मी एकदा केला आहे आणि त्यानंतर दोन दिवस घरात फक्त कामापुरते बोलणे झाले. बुधली तोलली तर कोणाच्या हाताला अडथळा येत नाही.

आता पातेले. घरातली नेहमीची पातेली, कढया आणि कुकरची भांडी एकदा रिकामी तोलून त्यांची वजने कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावीत. नंतर फक्त कच्च्या जिनसा मोजाव्यात. एका दिवसाची आमटी सांगते : तूरडाळ २०० ग्रॅम, म्हणजे सुमारे ६८०, तेल २४ ग्रॅम, म्हणजे २१६, गूळ १५ ग्रॅम, म्हणजे ५७ च्या आसपास. हिंग, मोहरी, आमसूल, कोथिंबीर यांच्या मागे लागू नये. एकूण ९५३. आमटीसकट पातेले २१४० ग्रॅम भरले, रिकामे पातेले ६४० ग्रॅमचे, म्हणजे आमटी १५०० ग्रॅम. मी वाटी काट्यावर ठेवून शून्य केली आणि २०० ग्रॅम आमटी वाढून घेतली. ती १२७ कॅलरींची झाली. पाणी किती घातले याची चिंता करण्याचे कारण नाही, कारण पाण्यात कॅलरी नसतात आणि त्याचे वजन शेवटच्या तोलात आपोआप येते. आमटी पातळ झाली, तर दर ग्रॅमला कॅलरी कमी पडतात, इतकेच.

कच्चे आणि शिजलेले यांत गोंधळ करू नये. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात ३५० च्या आसपास कॅलरी असतात आणि शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात १३०. ही एक चूक आठवडाभर केली, तर वहीला काही अर्थ उरत नाही. पोळ्यांसाठी एक-एक गोळा तोलत बसू नये. ४०० ग्रॅम कोरड्या कणकेच्या चौदा पोळ्या झाल्या, तर प्रत्येक पोळी सुमारे ९७ कॅलरींची, आणि तिला वरून लावलेले तूप वेगळे धरावे.

दाल-बाफल्यांचा (बाफला म्हणजे आधी उकडून मग भाजलेला कणकेचा गोळा) रविवार आमच्याकडे टळत नाही आणि तो टाळावा असे मला वाटतही नाही. बाफला तुपात बुडवण्याआधी एकदा आणि निथळल्यावर एकदा तोलावा. आमच्या घरच्या एका बाफल्यात १४ ग्रॅम तूप मुरले होते, म्हणजे नुसत्या तुपाच्या १२६ कॅलरी. हे कळल्यापासून मी दोन बाफले खाते आणि संध्याकाळचे जेवण हलके ठेवते. पूर्वी मी एक खाऊन मन मारत असे आणि रात्री डब्यातली शेव खात असे. बाहेरच्या खाण्याला काटा नेता येत नाही, त्यामुळे तिथे आकडा थोडा चढाच लिहावा. छप्पन दुकानवरचे पोहे वाफेवर ठेवलेले आणि तेलाला बेताचे असतात; कॅलरी चढतात त्या वरच्या शेवेने, जी २५ ग्रॅम धरली तरी १४० च्या आसपास जाते, आणि शेजारच्या जिलबीने.

हे सगळे आयुष्यभर करायचे नाही. घरातले नेहमीचे पंधरा-वीस पदार्थ एकदा असे मोजून झाले, की वही तयार होते आणि रोजचे काम पाच मिनिटांचे उरते.

४. व्यायामाच्या कॅलरी

मनगटावरच्या घड्याळाने ‘आज ३०० कॅलरी जळल्या’ असे दाखवले, म्हणून तितक्याच खाऊ नयेत. एक तर घड्याळाचा तो अंदाज असतो, आणि त्यात बहुधा नुसते बसून राहिलो असतो तरी लागणारी ऊर्जाही धरलेली असते. सपाट रस्त्यावर चालताना दर किलोमीटरला दर किलो वजनामागे जास्तीची खर्च होणारी ऊर्जा साधारण अर्धी कॅलरी असते. माझ्या ७२ किलोला साडेचार किलोमीटर म्हणजे १६० च्या आसपास. दुसरे असे, की १.३७५ ने गुणताना आपण रोजचा व्यायाम आधीच धरलेला आहे. तो पुन्हा मिळवला तर एकच रक्कम दोनदा जमा होते. म्हणून नेमाने व्यायाम करणाऱ्यांनी रोजचा आकडा एकच ठेवावा. रालामंडलची टेकडी चढण्यासारखे एखादे मोठे काम झाले, तरच घड्याळ दाखवते त्याच्या निम्म्या कॅलरी जास्त खाव्यात. पण त्या जरूर खाव्यात. व्यायामाच्या दिवशी मुद्दाम कमी खाऊन दुप्पट फायदा मिळवण्याचा विचार करू नये.

‘शरीर उपासमारीच्या अवस्थेत गेले, की चरबी धरून ठेवते’ असे सांगणारे बागेच्या प्रत्येक बाकावर भेटतात. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुणांना सुमारे सहा महिने दिवसाला १५७० कॅलरींच्या आसपास अन्न देण्यात आले आणि आठवड्याला पस्तीसेक किलोमीटर चालायला लावण्यात आले. त्यांचे वजन जवळजवळ चतुर्थांशाने घटले, म्हणजे शरीराने चरबी धरून ठेवली नाही. मात्र त्यांना सतत थंडी वाजे, उत्साह संपला, चिडचिड वाढली, आणि काही जण तर पाककृतींची पुस्तके जमवून वाचत बसत. कमी खाण्याची खूण ही अशी असते. थंडी वाजणे, झोप मोडणे, उचलता येणारे वजन उतरत जाणे आणि दिवसभर खाण्याचेच विचार येणे ही लक्षणे दिसली, तर त्याच दिवसापासून आकडा दोनशेने वाढवावा. बायकांची पाळी लांबली किंवा बंद झाली, तर आकडा वाढवावाच, शिवाय डॉक्टरांनाही दाखवावे.

५. प्रथिने

व्यायाम करून वजन उतरवताना दर किलो वजनामागे १.२ ग्रॅमच्या खाली जाऊ नये. शाकाहारी घरात हे केवळ आमटीच्या वाटीवर होत नाही. पनीर, दही, मोड आलेले मूग, सोयाबीनच्या वड्या यांपैकी काहीतरी दोन्ही जेवणांत हवे. अंडी चालत असतील तर काम सोपे होते.

६. रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर आणि काही खाण्यापूर्वी वजन करावे.

त्या एका आकड्याकडे मात्र पाहू नये. सात दिवसांची सरासरी काढावी आणि सरासरीची सरासरीशीच तुलना करावी. आदल्या रात्रीचे मीठ, पाळीचे दिवस, नव्याने सुरू केलेल्या व्यायामाने स्नायूंत साठलेले पाणी यांमुळे काटा किलो-दीड किलो सहज वरखाली होतो.

७. आकडा बदलणे

चार आठवड्यांची नोंद हाती येईपर्यंत आकडा कमी करू नये. त्यानंतर सरासरी हललेली नसेल, तर आधी बुधली तपासावी, पोळीवरचे तूप तपासावे, आणि मुलांच्या ताटातले उरलेले कोण संपवते तेही पाहावे. त्यातून काही निघाले नाही, तरच शंभर कॅलरी कमी कराव्यात. दर चार किलो उतरल्यावर सूत्र पुन्हा मांडावे, कारण हलक्या शरीराला कमी लागते. ६८ किलोवर आले तेव्हा माझा दीड हजाराचा आकडा १४४० झाला. आकडा उतरत उतरत विश्रांतीच्या ऊर्जेपाशी पोचू लागला, तर तिथेच थांबावे, दोन आठवडे कोणतीही वजावट न करता पूर्ण खावे, व्यायाम चालू ठेवावा आणि मग पुन्हा पहिल्या पायरीपासून हिशेब करावा. माझे असे दोन आठवडे दिवाळीत येतील अशी मी सोय करते, कारण त्या दिवसांत चकलीच्या तळणीआधी आणि नंतर कढई तोलायला घरात कोणी मला जवळही येऊ देत नाही.