तान्ह्या बाळाला घेऊन नवीन घरात राहायला जाताय? आधी बाळाची झोपायची जागा लावा, खोकी नंतर उघडा

आम्ही घर बदललं तेव्हा लेक सात महिन्यांची होती, नुकतीच पोटावर सरकायला लागलेली. त्या महिनाभरात जे जे कळलं ते इथे सलग लिहितेय, कारण शिफ्टिंगच्या धावपळीत कुणाला फोन करून विचारायलाही सवड मिळत नाही.

घरातली रंगरंगोटी, पॉलिश, सुतारकाम जे काय असेल ते बाळ यायच्या आधी उरकून घ्या आणि मग खिडक्या उघड्या टाकून घराला चांगली हवा लागू द्या. नव्या प्लायवूड-एमडीएफच्या फर्निचरमधून फॉर्मल्डिहाइड नावाचा घातक वायू बराच काळ थोडा थोडा बाहेर पडत राहतो, म्हणजे वास गेला की झालं असं नसतं, राहायला गेल्यावरही रोज घर मोकळं ठेवा.

बाळाची एक बॅग वेगळी भरा आणि ती टेम्पोत चढवू नका, स्वतःच्या हातात ठेवा. दोन दिवस पुरतील एवढे डायपर, कपडे, दूध पाजायचं सामान, नेहमीची औषधं, थर्मामीटर, लसीकरणाचं कार्ड आणि बाळाच्या गादीवरची रोजची चादर, तीही न धुता. मला सगळं धुऊन स्वच्छ करून न्यायची हौस होती पण एक चादर तशीच राहिली आणि पहिल्या रात्री तीच कामी आली, कारण तान्ह्या बाळाला माणसं आणि जागा वासावरून कळतात, आणि नव्या घरात ओळखीचा वास तेवढाच असतो.

सामान हलवायच्या दिवशी एका मोठ्या माणसाने फक्त बाळाकडे बघायचं, म्हणजे खरंच फक्त बाळाकडे, 'जरा हे खोकं धर' सुद्धा नाही. दार सताड उघडं असतं, माणसं ये-जा करत असतात आणि प्रत्येकाला वाटतं बाळ दुसऱ्याकडे आहे.

घरात शिरल्यावर सगळ्यात आधी झोपायची खोली लावा. किचन राहू दे, हॉल राहू दे. बाळाला वर्षाचं होईपर्यंत दर वेळी पाठीवरच झोपवायचं, गादी सपाट आणि टणक हवी, त्यावर घट्ट बसणारी चादर आणि बास, उशी नको, रजई नको, मऊ खेळणी नकोत. खाट असेल तर दोन दांड्यांमधलं अंतर 6 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. बाळासाठी वेगळी खोली सजवलेली असली तरी निदान बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत खाट तुमच्याच खोलीत ठेवा, तुमच्या पलंगाजवळ, पण खिडकी आणि पडद्याच्या दोऱ्यांपासून लांब. आणि दिवसभर सामान उचलून दमल्यावर बाळाला घेऊन सोफ्यावर टेकायचा मोह होतो ना, तो नक्की टाळा, सोफ्यावर बाळासकट डोळा लागणं फार धोक्याचं असतं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम, ते म्हणजे बाळाला जमिनीवर सोडायच्या आधी तुम्ही स्वतः हातापायांवर रांगत अख्खं घर फिरा. आम्ही झाडून पुसून घेतलं होतं, उभं राहून बघितलं तर लादी चकचकीत, पण रांगायला लागल्यावर दाराच्या मागे एक स्क्रू सापडला, ओट्याखाली स्टेपलरच्या दोन पिना, आणि कपाटाच्या पायाशी नव्या वस्तूंसोबत येते ती सिलिका जेलची पुडी. बारीक वस्तूंसाठी सोपी चाचणी म्हणजे टॉयलेट पेपरच्या रोलमधली पुठ्ठ्याची नळी, तिच्यातून जी वस्तू आरपार जाते ती बाळाच्या घशात अडकू शकते, उचलून टाका. रिमोट, वजनकाटा, आवाज करणारी खेळणी यांतल्या बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या तर वेगळ्याच लक्षात ठेवा, गिळल्यावर दोन तासांत अन्ननलिका आतून भाजू शकते, त्यामुळे नुसता संशय आला तरी उलटी वगैरे काढत न बसता थेट हॉस्पिटल गाठायचं.

कपाट, बुकशेल्फ, ड्रॉवरचं टेबल भिंतीला पट्टीने स्क्रू मारून पक्कं करा. सुतार घरात आहे तोवरच करून घ्या, एकदा तो गेला की राहून जातं. मुलं ड्रॉवर ओढून त्याची पायरी करतात आणि अख्खं कपाट अंगावर येतं. खिडकीची मच्छरदाणीची जाळी डास अडवते, मूल नाही. खिडकी 10 सेंटिमीटरपेक्षा जास्त उघडणार नाही असा स्टॉपर लावा नाहीतर ग्रिल, आणि खिडकीखाली पलंग, खुर्ची, खोकं काहीच ठेवू नका.

बाथरूममध्ये भरलेली बादली ठेवायची सवय त्या दिवसापासून बंद, वापरून झाली की उपडी. काही सेंटिमीटर पाणीसुद्धा बाळाला बुडायला पुरतं. गिझरचं तापमान 49 अंशांच्या वर नको, 60 अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडीही काही सेकंदांत भाजते, बाळाची तर अजून लवकर. आणि गॅस गिझर बाथरूमच्या आत बसवलेला असेल तर आधी बाहेर काढून घ्या, त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचू शकतो, त्याला वास नसतो, कळतच नाही.

पहिले काही दिवस बाळ चिडचिड करेल, रात्री जास्त उठेल, हात सोडायला तयार नसेल. आठ-नऊ महिन्यांच्या आसपास मुलांना आई दिसेनाशी झाली की तसंही घाबरायला होतं, त्यात घर नवीन. आंघोळ, दूध, अंगाई हा क्रम जुन्या घरात होता तसाच ठेवा, वेळ पुढेमागे झाली तरी चालेल, क्रम नको बदलायला. आणि पहिल्याच संध्याकाळी पलंगापासून बाळापर्यंत आणि बाथरूमपर्यंत अंधारात चालून बघा, बटणं कुठे आहेत ते हाताला कळू दे, कारण रात्री अडीच वाजता रडतं बाळ कडेवर घेऊन भिंत चाचपडताना मी उंबऱ्याला ठेचकाळले होते, थोडक्यात वाचलो दोघी.

डॉक्टर राहायला जायच्या आधीच शोधून ठेवा, पुढची लस कधी आहे ते बघा. घराचा पूर्ण पत्ता, फ्लॅट नंबरसकट, कागदावर लिहून फ्रीजवर लावा, बाळाजवळ आजी असू दे नाहीतर सांभाळणारी ताई, नवा पत्ता घाईत कुणालाच आठवत नाही, अगदी आपल्यालाही.

रात्रीचं जागणं दोघांनी वाटून घ्या. शेजारपाजार ओळखीचा नाही, बोलायला कुणी नाही, अशा वेळी आईला एकटं पडल्यासारखं होतं आणि बाळंतपणानंतरचं नैराश्य पहिल्या वर्षात कधीही येऊ शकतं. दोन आठवडे होऊनही मन उदासच असेल, कशातच लक्ष लागत नसेल तर 'दमली असेल' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना सांगा. खोकी पडून राहिली तर राहू दे. आमची चार खोकी तीन महिने बंद होती आणि काहीही अडलं नाही, फक्त ती एकावर एक रचू नका, बाळ त्यांनाच धरून उभं राहायला बघतं.

आणि ते उभं राहायला लागलं की परत एकदा घर फिरून या, या वेळी गुडघ्यांवर उभं राहून. टेबलाची कड, लोंबणारा टेबलक्लॉथ, चार्जरची वायर, गॅसची बटणं, सगळं आता त्याच्या हाताला येतं.