टर्बो गाडीची फ्युएल सिस्टिम वाढवताय? या चुका टाळा

बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवला, मोठे इंजेक्टर बसवले, ईसीयूत (इंजिनच्या कंप्युटरमध्ये) नवा मॅप टाकला; तरी वरच्या आरपीएमला एक्झॉस्टमधला वाइडबँड सेन्सर लीन, म्हणजे पेट्रोल कमी, दाखवतोच. मग डोक्यात येतं, अजून मोठे इंजेक्टर घ्यावेत. बहुतेक पैसे इथेच वाया जातात. आधी रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) प्रेशर सेन्सर लावा आणि डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा बंद ट्रॅकवर बूस्ट, रेल प्रेशर, एएफआर (हवा आणि पेट्रोलचं प्रमाण) यांचा एकत्र लॉग घ्या. पेट्रोलवर फुल बूस्टला ११.५ ते १२ च्या आसपास एएफआर हवा. तो १३ कडे सरकू लागला की लगेच पाय काढा. नॉक (सिलिंडरमध्ये अवेळी होणारे स्फोट) सुरू झाल्यावर पिस्टन जायला वेळ लागत नाही.

लॉगमध्ये पहिली गोष्ट बघायची ती ही, की बूस्ट जितका वाढला तितकंच रेल प्रेशर वाढलं का? रेलचं प्रेशर ठरवणाऱ्या रेग्युलेटरला इनटेक मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा नेणाऱ्या भागातून) नळी येते ती त्यासाठीच. बेस प्रेशर (बूस्ट नसतानाचं) ३ बार आणि बूस्ट १ बार, तर रेलवर ४ बार दिसले पाहिजेत. तिथे ३ च राहिले तर इंजेक्टरला प्रत्यक्षात २ बारच मिळतात. फ्लो प्रेशरच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, म्हणजे पेट्रोल सुमारे १८ टक्के कमी. कारण काय, तर क्लिप न लावलेली किंवा चिरलेली वीतभर नळी! (रिटर्नलेस, म्हणजे रेलपासून टाकीकडे परतीची लाइन नसलेल्या गाड्यांत बहुधा ही नळी नसते, तिथला हिशेब ईसीयूच्या मॅपमध्ये असतो.)

प्रेशर आधी बरोबर वाढून मग आरपीएमसोबत ढासळत असेल, तर संशय पंपाच्या बाजूला. पंपाच्या खोक्यावरचा ‘२५५ लिटर प्रति तास’ हा आकडा ठरावीक प्रेशर आणि व्होल्टेजचा असतो. प्रेशर चढलं की फ्लो उतरतो, म्हणून फ्लो चार्ट वाचायचा तो बेस अधिक बूस्ट एवढ्या प्रेशरला. आणि मोठा पंप कंपनीच्या बारीक वायरीवर चालवू नका. मल्टिमीटर पंपाच्या कनेक्टरलाच लावून, पंप चालू असताना मोजा. बॅटरीवर १३.८ आणि पंपावर ११.५ व्होल्ट येत असतील तर पंप बदलून काहीच होणार नाही. बॅटरीपासून फ्यूज आणि रिले घालून जाड वायर ओढा, अर्थची वायरही बदला. ती हमखास राहून जाते. टाकीच्या झाकणातला कनेक्टर काढून बघा, पिनभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलं असेल तर तिथेच व्होल्टेज खाल्लं जातंय.

पंप घुमतोय पण प्रेशर नाही, असं झालं तर टाकीतली छोटी होज तपासा. बाहेर वापरायची साधी फ्युएल होज पेट्रोलमध्ये बुडून राहिली की फुगते आणि फाटते. टाकीत एसएई ३०आर१० लिहिलेलीच होज हवी.

उलटा प्रकारही होतो. मोठ्या पंपाचं जादा पेट्रोल बारीक रिटर्न लाइनमधून परत जात नाही, आयडलला प्रेशर वरच अडकतं आणि गाडी रिच, म्हणजे जास्त पेट्रोलवर, चालते. लोक मात्र मॅप कुरतडत बसतात.

इंजेक्टरचा हिशेब सोपा आहे. ४ सिलिंडर, ३०० एचपी, एचपीमागे तासाला ०.६ पाउंड पेट्रोल आणि ८० टक्के ड्यूटी (इंजेक्टर उघडा राहण्याच्या वेळेचा हिस्सा) धरली तर प्रत्येकी साधारण ५९० सीसी प्रति मिनिट. ई८५ (बहुतांश इथेनॉल असलेलं इंधन) वापरणार असाल तर त्यावर आणखी तिसरा हिस्सा धरा. ‘पुढे लागेल’ म्हणून दुप्पट घेतलेत, तर निदान त्यांच्या डेड टाइमचा (इंजेक्टर उघडायला लागणाऱ्या उशिराचा) तक्ता ईसीयूत भरा. हेडलाइट, पंखा लावताच आयडलचा एएफआर हलू लागला, तर तो तक्ता चुकलाय.

प्रेशर ठीक, ड्यूटी ८५ टक्क्यांखाली, तरीही लीन? मग ते कदाचित लीन नाहीच. मिसफायर झाला की न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचतो. सेन्सरआधी एक्झॉस्ट गळत असला तरी तसंच. स्पार्क प्लगचा गॅप कमी करून बघा.

डायरेक्ट इंजेक्शनमध्ये (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या इंजिनात) टाकीतल्या पंपाचं आणि हाय प्रेशर पंपाचं प्रेशर वेगवेगळं लॉग करा.

रेल उघडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून, इंजिन बंद पडेपर्यंत चालवून प्रेशर उतरवा. ओ-रिंगला तेलाचं बोट लावा. जोडणी झाल्यावर इंजिन सुरू न करता नुसता पंप चालवून प्रत्येक जॉइंट हाताने चाचपा.

फक्त लांब वळणावरच प्रेशर पडत असेल, तर टाकी पूर्ण भरून तेच वळण पुन्हा घ्या. त्रास गेला तर पेट्रोल एका बाजूला सरकून पंप हवा ओढत होता. टाकीत बॅफल (पेट्रोल हिंदकळू न देणारी आडपट्टी) किंवा वेगळी सर्ज टँक (पंपासाठी कायम भरलेली छोटी टाकी) लागेल.