कॅराव्हॅनचे कोपऱ्यांचे टेकू बॅटरीवरच्या ड्रिलने कसे फिरवावेत

कॅराव्हॅन, म्हणजे वाहनामागे ओढून नेण्याचे चाकांवरचे घर, मुक्कामी उभी केल्यावर तिच्या चारही कोपऱ्यांखालचे टेकू खाली सोडणे हे काम अवघड नसले तरी वेळखाऊ आहे. प्रत्येक कोपऱ्याशी गुडघे टेकून बसायचे, लांब हँडल गाडीखालच्या स्क्रूच्या डोक्यात बसवायचे, टेकू जमिनीला लागेपर्यंत फेरे मारत राहायचे आणि निघताना हेच सारे उलट दिशेने करायचे. ज्यांची कंबर किंवा मनगट दुखते त्यांना बॅटरीवरचे ड्रिल खरोखर उपयोगी पडते आणि ते वापरायला काहीच हरकत नाही. मात्र हँडल फिरवताना स्क्रूवर किती ताण येत आहे हे हाताला कळत असते, ते ड्रिलमध्ये कळत नाही. टेकू वाकणे, आटे झिजणे, नट अडकून बसणे हे प्रकार बहुधा त्यामुळेच घडतात.

टेकूचे काम काय, हे आधी पक्के लक्षात घ्यावे. गाडीचे वजन चाकांवर आणि पुढच्या जॉकी व्हीलवर, म्हणजे वर-खाली करता येणाऱ्या छोट्या चाकावर, असते. आत माणसे चालू लागली की गाडी स्प्रिंगांवर हलते आणि ते हलणे थांबवण्यासाठी टेकू असतात. डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली आपण कागदाची घडी सरकवतो, तेवढेच त्यांचे काम आहे. टेकूंनी गाडी उचलायची नसते, तिची पातळी साधायची नसते आणि चाक बदलताना त्यांचा जॅक म्हणून तर मुळीच वापर करायचा नसतो. हाताने फिरवताना गाडी उचलली जाऊ लागली की हँडल जड होते आणि आपण आपोआप थांबतो. १८ व्होल्टच्या साध्या ड्रिलचा कमाल टॉर्क, म्हणजे फिरवण्याचे बळ, मात्र ४० ते ६० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. हँडलवर माणूस सहज लावतो त्याहून हे बळ बरेच जास्त असल्यामुळे ड्रिल न अडखळता गाडीचा कोपरा उचलू पाहते आणि तो सगळा भार एका बारीक स्क्रूवर येतो.

सामानात मुख्य गोष्ट म्हणजे स्क्रूच्या डोक्यावर नेमकी बसणारी गोटी (सॉकेट). बऱ्याच कॅराव्हॅनवर हे डोके १९ मिलिमीटरचे षटकोनी असते, काहींवर पाऊण इंचाचे म्हणजे १९.०५ मिलिमीटरचे असते, तर काही जुन्या गाड्यांवर अगदी वेगळ्या आकाराचे आढळते. म्हणून खरेदीपूर्वी स्वतः मोजून पाहावे. सैल गोटी षटकोनाचे कोपरे गोल करून टाकते आणि मग हँडलही त्यावर पकड घेत नाही. गोटीला जोडलेला दांडा इतका लांब असावा की ड्रिल गाडीच्या बाहेर मोकळे राहील, पण गरजेपेक्षा लांब दांडा फिरताना फडफडतो. ड्रिल म्हणून क्लचचे कडे असलेले साधे ड्रिल-ड्रायव्हर घ्यावे; कड्यावर लावलेल्या आकड्यापेक्षा जास्त जोर आला की क्लच घसरतो आणि ड्रिल स्क्रू फिरवणे थांबवते. इम्पॅक्ट ड्रायव्हर या कामाला वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला तसा क्लच नसतो, तो ठोके देत फिरतो, ते ठोके स्क्रूच्या नटाला सोसवत नाहीत आणि पहाटे निघायचे असेल तर शेजारच्या गाड्यांतील सगळेच जागे होतात.

टेकूंना हात लावण्यापूर्वी गाडी पूर्ण समपातळीत असली पाहिजे. डावी-उजवी पातळी चाकाखाली उतरती फळी किंवा ठोकळा देऊन साधावी, हँडब्रेक ओढावा, चाकांना अडणी लावावी, गाडी ओढणाऱ्या वाहनापासून सोडवावी आणि मग पुढची-मागची पातळी जॉकी व्हीलने जुळवावी. मागचे टेकू खाली येईपर्यंत कोणीही गाडीत चढू नये, कारण मागच्या बाजूला वजन गेले की सुटी गाडी मागे कलू शकते.

ड्रिल सुरू करण्याआधी साध्या हँडलने एक-दोन फेरे मारून पाहावेत, म्हणजे कोणत्या दिशेला टेकू उतरतो आणि स्क्रू मोकळा आहे की जाम, हे दोन्ही कळते. ड्रिल हळू गिअरमध्ये ठेवावे. दोन गिअरच्या ड्रिलवर तो १ या आकड्याने दाखवलेला असतो आणि त्यात फेरे साधारणपणे मिनिटाला ४०० ते ५०० च्या आत राहतात. हातोड्याचे चिन्ह असलेली सोय बंद असावी. क्लचच्या कड्यावर भोक पाडण्याच्या बिटाचे चित्र असते, तिथे ते कडे कधीही ठेवू नये, कारण त्या जागी क्लच घसरतच नाही. कडे अगदी लहान आकड्यावर ठेवून सुरुवात करावी. टेकू हवेत असतानाच क्लच कटकट करू लागला तर एकेक आकडा वाढवत जावे आणि टेकू जेमतेम मोकळेपणाने फिरू लागेल तिथे थांबावे. अशा बेताने लावलेला क्लच, टेकूचा तळवा जमिनीला लागून किंचित दाब आला की स्वतःच घसरतो. चारही टेकूंचा आकडा एकच येईल असे नाही. एखाद्याला बराच मोठा आकडा लागत असेल तर तो स्क्रू साफसफाईची वाट पाहत आहे असे समजावे.

प्रत्यक्ष फिरवताना दोन गोष्टी जवळून पाहण्यासारख्या आहेत. टेकू सरळ खाली येत नाही. तो एका टोकाशी बिजागरीवर फिरत कमानीसारखा उतरतो, त्यामुळे त्याचा तळवा नेमका कुठे टेकेल हे सुरुवातीला दिसते त्यापेक्षा वेगळ्या जागी असते. मऊ जमिनीवर तळव्याखाली फळी किंवा प्लॅस्टिकची पाटी द्यायची असेल तर टेकू जमिनीपासून चार बोटे वर असताना थांबावे, ड्रिलची दिशा बदलणारी कळ मध्ये सरकवून चाप बंद करावा आणि मगच हात खाली घालून पाटी सरकवावी. दुसरे म्हणजे टेकू उतरतो तसा स्क्रूचा कलही थोडा थोडा बदलतो. ड्रिल एकाच कोनात धरून ठेवले तर गोटी तिरकी होऊन षटकोनावर घासते, म्हणून स्क्रूच्या रेषेत राहील असा हात हळूहळू हलवत राहावे. ड्रिल दोन्ही हातांनी धरावे, कारण स्क्रू अचानक अडला तर ड्रिलचा देह उलट दिशेने झटका देतो. सैल बाह्या, ओढणी, मोकळे केस आणि ढगळ हातमोजे फिरत्या दांड्यापासून दूर असावेत.

आधी मागचे दोन टेकू आणि मग पुढचे दोन सोडावेत. तळवा टेकताच ड्रिल बाजूला ठेवावे आणि शेवटचा पाव-अर्धा फेरा हँडलनेच द्यावा. ड्रिलमध्ये हरवलेली हाताची जाणीव इथे परत मिळते आणि चारही कोपऱ्यांवर सारखा दाब आहे की नाही हेही कळते. यानंतर जॉकी व्हीलला हात लावू नये. पुढचा भाग वर घेतला की मागच्या टेकूंवर भलताच भार येतो.

निघताना जमिनीत रुतून बसलेला टेकू सुटण्याआधीच क्लच घसरू शकतो. अशा वेळी क्लच वाढवण्यापेक्षा पहिला अर्धा फेरा हँडलने मारावा आणि पुढचे काम ड्रिलवर सोपवावे. वर घेताना खरी काळजी शेवटी घ्यायची असते, कारण पूर्ण वेगाने टेकू वरच्या टोकाला आदळला की नट आट्यांत घट्ट बसतो आणि पुढच्या मुक्कामी तो हँडलनेही सुटत नाही. टोक जवळ येताच चाप सोडावा आणि उरलेले फेरे हाताने पुरे करावेत. मग चारही कोपऱ्यांना वाकून, टेकू पूर्ण मिटले आहेत आणि एकाही स्क्रूवर गोटी राहिलेली नाही, हे डोळ्यांनी पाहावे. अर्धवट उतरलेला टेकू रस्त्यावरच्या पहिल्याच गतिरोधकाला अडकतो.

चाकांनी उडवलेला चिखल आणि धूळ थेट स्क्रूवर बसते, त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला तारेच्या ब्रशने आटे साफ करून त्यांवर ग्रीसचा पातळ हात द्यावा आणि टेकू दोनदा पूर्ण वर-खाली करून ते पसरू द्यावे. जाड थर दिला तर त्यातच वाळू अडकते. साफसफाईसाठी गाडीखाली आडवे होऊ नये. पोहोचेल तेवढे बाजूने करावे आणि बाकीचे गॅरेजवर सोपवावे. थंडीत लिथियमची बॅटरी कमी काळ टिकते आणि पावसात ड्रिल बाहेर काढणे योग्य नसते, म्हणून ड्रिल घेतले तरी साधे हँडल गाडीच्या दाराजवळ, सहज हाताला लागेल अशा जागी ठेवावे.