पहिली इलेक्ट्रिक गिटार घरी बनवताय? या चुका टाळा

मिरजेच्या सतारीचा पडदा दोऱ्यानं बांधलेला असतो. सूर हलला की वादक तो जरासा सरकवतो आणि काम भागतं. गिटारचा फ्रेट, म्हणजे धातूचा पडदा, मात्र लाकडात ठोकलेला, एकदा बसला की बसला. पहिली गिटार बहुतेक वेळा इथंच बिघडते, आणि ते कळतं शेवटी, तारा चढवल्यावर.

नट म्हणजे गिटारच्या मानेच्या (दांडीच्या) टोकाची खाचांची पट्टी, ब्रिज म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तो भाग. त्या दोघांमधल्या अंतराला स्केल म्हणतात. फेंडर कंपनीच्या पद्धतीच्या गिटारला ते 648 मिमी, गिब्सनला साधारण 628. 648 धरलं तर त्याला 17.817 नं भागून पहिला फ्रेट 36.37 मिमीवर येतो. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्यानं भागत पुढचे काढायचे. बारावा बरोबर मध्यावर, 324 वर यायलाच हवा; नाही आला तर हिशेब चुकलाय. आकडेमोड अशी साखळीनं करा, पण खुणा करताना प्रत्येक अंतर नटपासूनच मोजा. एका फ्रेटवरून पुढचा मोजत गेलात तर दर वेळची 0.2 मिमीची चूक बाराव्यापर्यंत 2.4 मिमी होते. माझ्या पहिल्या मानेवर हेच झालं. पहिले चार-पाच फ्रेट कानाला बरे वाटायचे, सातव्याच्या पुढं सगळे सूर चढे. त्या मानेवरची फ्रेटची शिसवी पट्टी मी टाकून दिलेली नाही. नव्या पट्टीवर खुणा करताना ती समोर ठेवतो.

खाच कशानं पाडता तेही बघा. फ्रेटचं पातं जेमतेम अर्धा मिमी जाड असतं, म्हणून खाच 0.6 मिमीच्या आसपासच हवी. सुताराची नेहमीची करवत त्याहून बरीच रुंद खाच पाडते आणि फ्रेट ढिला राहतो. तसं झालंच असेल तर शिसवाचा भुसा आणि सुपरग्लू भरून, वाळल्यावर बारीक करवतीनं खाच पुन्हा पाडा.

ब्रिज, पिकअप (तारांचा आवाज टिपणारं चुंबकी कॉइल), ट्यूनर (तारा ताणायच्या खुंट्या) हातात आल्याशिवाय राऊटर, म्हणजे लाकूड कोरायचं यंत्र, चालू करू नका. नकाशातला ब्रिज आणि कुरिअरनं आलेला ब्रिज यांची मापं जुळतीलच असं नाही. ब्रिजची भोकं सगळ्यात शेवटी, मान बसवल्यावर पाडायची. नटपासून ब्रिजपर्यंत दोन्ही कडेच्या तारांच्या जागी दोरे ताणा. मानेच्या दोन्ही काठांपासून ते सारखे आत आहेत ना, हे शेवटच्या फ्रेटपाशी वाकून बघा. सर्वात बारीक तारेचं सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो सरकता तुकडा) जवळजवळ पूर्ण पुढं आणून 648 वर ठेवा आणि मगच खूण करा, कारण जाड तारांची सॅडल आणखी 2 ते 4 मिमी मागं न्यावी लागतात.

आता लाकूड. टिंबर मार्केटमध्ये "मिस्त्री, वाळलंय का हे?" असं विचारलं की "वाळलंय की वो, उन्हाळ्यात चिरलंय" असं उत्तर मिळतं. उघड्या हवेवर वाळायला इंचाला साधारण वर्ष लागतं आणि बॉडीची फळी 45 मिमी जाड असते. फळी घरी आणून दर आठवड्याला वजन करा. वजन उतरायचं थांबलं की ती वाळली. जुन्या घराच्या सागवानी तुळया मिळाल्या तर सोनंच, फक्त आत मोडलेला खिळा नाही ना ते लोहचुंबक फिरवून तपासा, नाहीतर राऊटरचा बिट गेला. सागवान तेलकट असतं, चिकटवण्याआधी थिनरनं पुसून घ्या.

आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टमध्ये एनसी लॅकर (नायट्रोसेल्युलोजचं पॉलिश) मारू नका. दमट हवेत ते पांढुरकं पडतं. एवढं एक काम दसऱ्यानंतर करा.

तार झणझणत असेल तर आधी कुठं झणझणते ते शोधा. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबा आणि तार आणि सातवा फ्रेट यांतली फट बघा. 0.2 मिमीच्या आसपास हवी, म्हणजे जाडसर कागदाएवढी. फटच नाही आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर आवाज येतो, तर ट्रस रॉड (मानेच्या आतली, तिचा बाक कमीजास्त करणारी सळई) सैल करा, एका वेळी पाव फेराच. एकाच सुरावर आवाज असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट वर आलाय. तीन फ्रेटवर छोटी सरळ पट्टी ठेवली की ती मधल्यावर डुगडुगते. हातोडीनं तो नीट बसवून बघा; नाहीच बसला तरच घासा. त्यासाठी उद्यमनगरासारख्या औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपमधून एक लोखंडी पट्टी सरफेस ग्राइंड (यंत्रावर अगदी सपाट) करून आणा आणि तिला पॉलिश पेपर चिकटवा. लाकडी ठोकळ्यावर विसंबू नका.

गुणगुण येत असेल तर तारांना हात लावून बघा. हात लावल्यावर कमी झाली, तर अर्थिंग ठीक आहे, गुणगुण अडवणारी आतली तांब्याची टेप अपुरी आहे. टेपचा चिकट भाग वीज वाहून नेईलच असं नाही, म्हणून तुकड्यांच्या जोडांवर डाख द्या. काहीच फरक पडला नाही, तर ब्रिजखालची अर्थची वायर सुटलीय. हात लावल्यावर वाढली, तर केबल लावायच्या जॅकवर वायरी उलट लागल्यात. पॉटच्या (आवाज कमीजास्त करायच्या बटणाच्या) पाठीवरचा डाख 25 वॉटच्या सोल्डरिंग आयर्ननं नीट बसत नाही, वरवर चिकटतो आणि महिन्यात सुटतो. 40-60 वॉटचं घ्या आणि पाठ आधी पॉलिश पेपरनं खरवडा. सिंगल कॉइल (एका वेटोळ्याच्या) पिकअपला 250 के (किलोओहम) आणि हंबकरला (दोन वेटोळ्यांच्या पिकअपला) 500 के पॉट असतात. अदलाबदल झाली तर आवाज बंद पडत नाही, पण एकीकडं कर्कश, दुसरीकडं दबका होतो.

सूर लावताना "टिंग" आवाज येऊन सूर एकदम उडी मारतो, तेव्हा दोष ट्यूनरचा नसतो. नटच्या खाचेत तार अडकतेय. खाचेत पेन्सिलचं शिसं घासा.

10-46 च्या (सर्वात बारीक 0.010 इंच, सर्वात जाड 0.046 इंच) तारा मानेला मिळून सुमारे 45 किलोंनी ओढतात. म्हणून चढवल्या दिवशीच सगळं जुळवून मोकळं होऊ नका. आठवडाभर सुरात ठेवा, मग सातव्यावरची फट पुन्हा मोजा, आणि त्यानंतरच सॅडलला हात घाला. बाराव्यावर हार्मोनिक (बोट नुसतं टेकवून वाजवलेला सूर) आणि दाबलेला सूर ऐका. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागं, उतरलेला असेल तर पुढं.